खाऱ्या वाऱ्यातला पेच

शिरवळला समुद्र नाही. नीरा आहे, नीरेकाठी सुभानमंगळ या जुन्या भुईकोटाची आठवण आहे, पुण्याहून साताऱ्याकडे धावणारा महामार्ग आहे आणि त्या महामार्गाच्या आसऱ्यानं वाढलेली कारखानदारी आहे. पण इथून भोरमार्गे वरंधा घाट उतरला की महाड लागतं, आणि महाडच्या पुढे सावित्रीच्या पाण्याला खारेपणा येऊ लागतो. घाटावर कापलेलं, वाकवलेलं, जोडलेलं सामान या वाटेनं कोकणात उतरतं. त्यात कठडे असतात, बिजागऱ्या असतात, इंजिनावरची झाकणं असतात, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे पेचही असतात.

कठडा घेताना चार दिवस विचार होतो. पेच मात्र निघता निघता, "दोन डबे एसएसचे द्या" म्हणून उचलले जातात. समुद्र नेमकी त्या पेचापासून सुरुवात करतो. हा संवाद त्याबद्दल आहे. यातली दोन माणसं मी उभी केली आहेत. एक शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारी तरुण इंजिनिअर, सगळ्यांची ताई. दुसरे हर्णैच्या बाजूचे, हयात होडीवर गेलेले नाखवा. त्यांना नावं दिलेली नाहीत, कारण त्यांची मतं त्यांच्या एकट्याची नाहीत. वर्कशॉपमध्ये आणि बंदरावर ती कुणाच्याही तोंडून ऐकू येतील.

जून लागला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली, आणि नाखवा डागडुजीचं सामान न्यायला घाट चढून आले आहेत.

नाखवा : ताई, आधी हे फडकं सोडून बघा. दिवाळीनंतर बसवलेले पेच आहेत. देणारा म्हणाला स्टेनलेस आहेत, आयुष्यभर बघायला नको. शिमग्याला पालखी दारात आली तोवर सगळे लाल. आता परत स्टेनलेसच घ्यायचे म्हणता?

ताई : बसा काका, चहा घ्या आधी. हे सगळे एका जातीचे दिसत नाहीत. हे टोकदार, पत्र्यात स्वतःच भोक पाडत जाणारे आहेत ना? बघा, चुंबकाला झडप घालून चिकटले. हे बहुधा ४१० जातीचे. पत्रा भेदायला पोलाद कडक लागतं आणि नेहमीचं ३०४ तेवढं कडक करता येत नाही, म्हणून असे पेच ४१० चे करतात. त्यात क्रोमियम साधारण १२ टक्केच. शिरवळच्या शेडवर ते निभावतील. हर्णैच्या वाऱ्यात नाही.

नाखवा : आणि हे दुसरे? यांना चुंबक लागत नाही. घेताना मी स्वतः लावून पाहिलं होतं. चुंबक लागला नाही म्हणजे अस्सल, असं आमच्याकडे सगळे मानतात.

ताई : आमच्याकडेही मानतात, आणि तिथंच फसगत होते. निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्याजागी मँगनीज घातलेलं २०२ नावाचं पोलाद बाजारात भरपूर आहे. चुंबक त्याला लागत नाही, बफिंग केलं की आरशासारखं चमकतं. एसएस म्हणून विकलं तर शब्दशः खोटंही नाही. पण खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं. आणि गंमत बघा, चांगल्या ३०४ चा बोल्ट न तापवता ठोकून घडवलेला असला, तर त्याला चुंबक थोडा लागतो. म्हणजे चुंबकाच्या भरवशावर तुम्ही चांगला बोल्ट परत कराल आणि हा घेऊन जाल.

नाखवा : मग माझ्यासारख्यानं ओळखायचं कशावरून?

ताई : बोल्टच्या डोक्यावर बघायचं. ए२-७०, ए४-७०, ए४-८० अशी खूण उठवलेली असते. ए२ हे ३०४ चं घराणं, ए४ हे ३१६ चं. पुढचा आकडा ताकदीचा. ७० म्हणजे चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटनपर्यंत ताण सोसेल, ८० म्हणजे ८०० पर्यंत. ही खूण आयएसओ ३५०६ या मानकातली. आपल्याकडे त्यासाठी आयएस १३६७ चा चौदावा भाग आहे. समुद्रासाठी ए४ मागायचं. अंगावर काही खूण नाही आणि डब्यावर नुसतं 'एसएस' लिहिलंय, तर तो बोल्ट समुद्रावर न्यायचा नाही.

नाखवा : अक्षरं उठवायला काय लागतं? एक साचा.

ताई : खरं आहे. आणि बारीक स्क्रूच्या डोक्यावर तर अक्षरांना जागाही नसते. म्हणून मालाबरोबर कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागायचं. त्यात कोणत्या घाणाचं पोलाद, त्यात काय किती, हे लिहिलेलं असतं. माझ्याकडे परीक्षेचं द्रावणही आहे. थेंब टाकायचा, छोटी बॅटरी लावायची. मॉलिब्डेनम असलं तर रंग बदलतो. ३१६ मध्ये ते असतं, ३०४ मध्ये नसतं. डब्यातला एक पेच खर्ची घालून बघायला माझी हरकत नाही.

नाखवा : हे बरं केलंत. मासळी घेताना आम्ही कल्ला उघडून बघतो, तसंच हे. पण त्या मॉलिब्डेनमनं होतं काय?

ताई : स्टेनलेस गंजत का नाही, तिथून सांगते. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा. इतका पातळ की तो दिसत नाही. ओरखडा निघाला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन परत धरतो. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली असं पोलाद ओतलं, तेव्हापासून ही सगळी चमक. पण मिठातलं क्लोराइड त्या सायीला नेमकं एखाद्या जागी भोक पाडतं. मग तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि तो आत आत उतरतो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. ते असा खड्डा सहजी पडू देत नाही.

नाखवा : सहजी.

ताई : हो, सहजी. त्याचं एक गणित आहे. क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. ३०४ चे गुण येतात १९ च्या आसपास, ३१६ चे २५ च्या आसपास, २२०५ नावाच्या डुप्लेक्स पोलादाचे ३५ च्या आसपास.

नाखवा : आणि समुद्रात कायम बुडून राहायचं तर किती गुण लागतात?

ताई : साधारण ४० च्या वर.

नाखवा : म्हणजे तुमच्याच परीक्षेत तुमचं ३१६ पाण्याखाली नापास. मी शाळा फार शिकलो नाही, पण एवढं मलाही कळतं. आता हा बघा. हा मी मुद्दाम वेगळा बांधून आणलाय. पाण्याखालच्या फळीतून काढलेला. डब्यावर ३१६ लिहिलेलं होतं, घेणाऱ्यानं पैसेही तसेच मोजले होते. डोकं बघा, कसं लख्ख आहे. टोकही लख्ख. आणि मान?

ताई : दाभणासारखी झालीय.

नाखवा : हाताने वाकवला तर तुटेल. फळी सुटायला लागली तेव्हा कळलं. वरून बघितलं तर सगळं ठीक. लोखंडाचा खिळा गंजायला लागला की रडतो, ताई. फळीवर तांबडा ओघळ येतो, रंग फुगतो, आम्ही समजतो याचे दिवस भरले. हा मात्र शेवटपर्यंत हसत राहिला.

ताई : (पेच उजेडात फिरवत) याला आमच्याकडे फटीतला गंज म्हणतात. तो ओल्या फळीच्या आत बसला होता. तिथं मीठ आहे, ओल आहे, पण ताजी हवा नाही. पाण्यात विरलेला ऑक्सिजन फटीत संपून जातो. साय मोडली तर परत धरायला काही उरत नाही. मग फटीतलं पाणी हळूहळू आम्लासारखं होत जातं आणि ते मान खातं. डोक्याला हवा मिळत होती, म्हणून डोकं शाबूत.

नाखवा : मी तेच सांगायला इतका घाट चढून आलो. स्टेनलेसला श्वास लागतो. डेकवर, वाऱ्यात, पावसात ते जगतं. फळीच्या पोटात गुदमरतं. हे आमच्या सुताराला ठाऊक आहे. दुकानदार कधी सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की समुद्रात न गंजणारं काही नसतं. मग महाग तरी कशाला? जस्त चढवलेला लोखंडी खिळा घ्या, बंदीच्या दोन महिन्यांत होडी वर असतेच, तपासा, वाईट तो काढा, नवा ठोका. माझ्या वडिलांनी हेच केलं.

ताई : वडिलांच्या वेळी सुताराची दिवसाची मजुरी काय होती आणि आज काय आहे? पेच स्वस्त पडला, पण तो काढायला, भोक बुजवायला, नवा बसवायला माणूस लागतो. दर दोन वर्षांनी त्याच भोकात नवा पेच बसवला की लाकूड सैल होतं. आणि जस्त म्हणजे तरी कोणतं? बाजारात ते पिवळसर झाक असलेले पेच मिळतात, त्यांच्यावरचा थर काही मायक्रॉनचा. समुद्रावर तो किती टिकणार? वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या बोल्टवर कितीतरी जाड थर असतो. तोसुद्धा जिथं सारखी लाट उडते तिथं झिजत जातो, कारण जस्ताचं कामच ते आहे, आपण संपून लोखंडाला वाचवायचं.

नाखवा : आपण संपून दुसऱ्याला वाचवणारा मला पटतो.

ताई : मलाही पटतो, पण तो संपल्याचं कळायला हवं. तुम्ही म्हणता लोखंड रडतं. दरवेळी ते दिसतं का? पणजीचा मांडवीवरचा जुना पूल आठवतो? १९७० साली बांधलेला, ५ जुलै १९८६ ला कोसळला. आतल्या ताण दिलेल्या तारा खाऱ्या हवेनं खाल्ल्या होत्या. त्या काँक्रीटच्या पोटात होत्या. त्यांचं रडणं ऐकणार कोण?

नाखवा : त्या दिवसांत आम्ही गोव्याच्या बाजूला जायचो. पूल पडल्यावर माणसं फेरीबोटीनं नदी ओलांडत होती.

ताई : आणि आपल्या मालवणचं तर अगदी ताजं आहे. राजकोटावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. धड नऊ महिनेही नाहीत.

नाखवा : तो दिवस नका आठवू. बंदरावर कुणी जेवलं नाही नीट. पण ताई, तिथं तर गंज दिसला होता ना? पेपरात वाचलं मी. बांधकाम खात्याच्या माणसानं आधी पत्र लिहिलेलं.

ताई : हो, २० ऑगस्टला, सहा दिवस आधी. खाऱ्या वाऱ्यानं आणि पावसानं नटबोल्ट गंजलेत, असं त्यात कळवलं होतं. नुसत्या गंजानं सगळं झालं असं मी म्हणत नाही. सांगाड्याची रचना, वेल्डिंग, यांतल्या उणिवांवरही पुढे बोट ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी तिथं ६० फुटी नवा पुतळा उभारला. पण मला त्यातून एक धडा दिसतो. किनाऱ्यावर एका पावसाळ्यात बोल्टचं काय होऊ शकतं, ते महाराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मी म्हणते, सुरुवातीलाच योग्य धातू घ्या.

नाखवा : मला त्यातून दुसरा धडा दिसतो. गंजानं सांगितलं होतं. कुणीतरी पाहिलंही होतं. पाहिल्यावर पाना हातात घेऊन जाणारा माणूस वेळेवर पोचला नाही. तुम्ही उत्तमातला उत्तम बोल्ट लावलात आणि वर्षभर कुणी तिकडे फिरकलं नाही, तर काय उपयोग? होडीवर रोज कुणाचा तरी हात प्रत्येक कठड्यावरून फिरतो.

ताई : पाहण्याला माझा विरोध नाही, काका. पण स्टेनलेसच्या बाबतीत नुसतं पाहूनही भागत नाही, हे तुमच्या या पेचानंच सिद्ध केलं. याहून वाईट उदाहरण माझ्याकडे आहे, आणि ते माझ्याच बाजूच्या विरोधात जातं. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचं आतलं छत स्टेनलेसच्या सळ्यांनी टांगलेलं होतं. मे १९८५ मध्ये ते खाली आलं. १२ माणसं गेली. सळ्या गंजून झिजल्या नव्हत्या, त्यांना चिरा गेल्या होत्या. तलावाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे छताच्या वर क्लोराइड साचत गेलं, सळ्यांवर ताण होताच, आणि तिथं पावसानं धुऊन निघण्याची सोय नव्हती.

नाखवा : समुद्र नसताना!

ताई : समुद्र नसताना. त्या दिवसापासून माझ्या धंद्यातल्या जाणत्या माणसांनी एक गोष्ट शिकून घेतली. माणसांच्या डोक्यावर टांगलेला भार, क्लोराइडची हवा आणि दिसायला न येणारी जागा, असं तिन्ही एकत्र आलं की नुसतं '३१६ लावलंय' म्हणून झोपायचं नाही.

नाखवा : ताई, तुम्ही प्रामाणिक आहात. आता मीही माझ्या बाजूचं एक वाईट सांगतो. आमच्या एकानं फायबरच्या होडीवर ॲल्युमिनियमची चौकट बसवली आणि तिला सगळीकडे स्टेनलेसचे पेच. पेच आजही नवे दिसतात. चौकटीला मात्र प्रत्येक पेचाभोवती पांढरी भुकटी आली, मग भोकं मोठी झाली. मी म्हणालो, स्टेनलेसनंच खाल्लं तिला. तो म्हणाला, स्टेनलेस तर चांगलं ना?

ताई : तुमचं बरोबर होतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते. त्यात जो धातू जास्त सक्रिय तो खर्ची पडतो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसमध्ये ॲल्युमिनियम खर्ची पडतं. उलटं केलं तर अजून वाईट. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साधा लोखंडी बोल्ट लावला, तर सगळ्या पत्र्याचा भार त्या एवढ्याशा बोल्टवर येतो आणि तो भराभर संपतो. म्हणून नियम असा, की पेच नेहमी ज्याला धरायचं त्याच्याइतका किंवा त्याहून वरच्या प्रतीचा हवा, आणि दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचा वायसर, बाही आणि सीलंट हवं.

नाखवा : आम्ही मध्ये रबर घालतो.

ताई : तुमच्या आधी इंग्रजांच्या आरमारानं तपकिरी कागद घातला होता, तोही नकळत. १७६१ साली एचएमएस अलार्म नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला, शंख-शिंपले आणि लाकूड पोखरणारे किडे लागू नयेत म्हणून. दोन वर्षांनी बघितलं तर पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणी खाऊन गेलेले. पण जिथं पत्र्याच्या वेष्टनाचा कागद चुकून तसाच राहिला होता, तिथले खिळे शाबूत. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं याच भांडणाचा उलटा उपयोग केला. तांब्याला वाचवायला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे लावले. तुमच्या होडीच्या पंख्याजवळ जस्ताची वडी लावता ना, ती त्याच विचाराची.

नाखवा : ती वडी आम्ही दर बंदीत बदलतो. अर्धी उरली की नवी. बघा, परत तेच आलं. जस्त स्वतः संपतं आणि संपताना दिसतं.

ताई : मान्य. मग आता माझ्या वर्कशॉपची चूक सांगते, कारण चांगला पेचसुद्धा आमच्या हातून बिघडतो. आमच्याकडे साधं लोखंड आणि स्टेनलेस एकाच शेडमध्ये चालतं. लोखंड घासलेल्या चाकानं स्टेनलेस घासलं, लोखंडी तारेच्या ब्रशनं साफ केलं, की लोखंडाचे कण त्यात रुततात. शिरवळला काही दिसत नाही. तुमच्याकडे पोचल्यावर आठ दिवसांत तांबडे ठिपके. तुम्ही म्हणता माल खोटा. माल खरा असतो, आमचा हात मळलेला असतो. वेल्डिंगच्या जागेचंही तसंच. तिथं निळा-काळा पट्टा येतो, तिथली साय जळालेली असते. तो आम्लाच्या पेस्टनं काढून, धुऊन, जागा परत सायीला मोकळी करून द्यायची असते. घाईत ते राहून जातं.

नाखवा : आणि जाम होणाऱ्या नटांचं काय? मागे कठड्याचा नट काढायला गेलो. फिरेना. जोर लावला तर बोल्टच मोडला. गंज काडीचाही नव्हता.

ताई : स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की दाबाखाली साय फाटते आणि आटे एकमेकांना चिकटतात, जणू वेल्डिंग झालं. आमची पोरं इम्पॅक्ट गननं एका दमात कसतात, तिथं हे हमखास होतं. हातानं, सावकाश कसायचं आणि आट्यांना जाम न होऊ देणारी पेस्ट लावायची. तुमच्या मालाबरोबर तिची डबी देते.

नाखवा : हे फार मोठं बोललात. जो बोल्ट लावतो त्यानं काढणाऱ्याचा विचार करायला हवा. बसवणारा शिरवळहून येतो आणि जातो. काढणारा आमच्याकडचा असतो, भर पावसात, गुडघाभर चिखलात.

ताई : मग आता यादी करू. मी तुमच्या होडीचा कागदावर नकाशा काढते, तुम्ही जागा सांगा. डेकवरचे कठडे, दाराच्या बिजागऱ्या, दिव्याची दांडी?

नाखवा : तिथं तुमचं ए४. उघड्यावर आहे, पाऊस धुतो, हात फिरतो. काढून परत लावायचं असतं.

ताई : इंजिनाच्या खोलीत, छपराच्या आतल्या बाजूला?

नाखवा : तिथंही तेच द्या. पाऊस लागत नाही, म्हणजे ऊन-वाऱ्यापासून जपलं जाईल.

ताई : उलट आहे, काका. जिथं पाऊस लागत नाही तिथं मीठ साचून राहतं. कोकणातल्या मुसळधार पावसात उघड्यावरचा कठडा धुऊन निघतो. आडोशाचा बोल्ट मात्र वर्षभर मिठात मुरतो. ए४ देईन, पण दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यानं पुसून घ्यायचं कबूल करा.

नाखवा : हे मला सुचलं नव्हतं. माझा पोरगा मोटरसायकल दर रविवारी धुतो. होडीचं इंजिनघरही धुईल.

ताई : आता पाण्याखालच्या फळ्या.

नाखवा : तिथं स्टेनलेस नको. कितीही चांगलं दिलंत तरी नको. तांब्याचे खिळे, नाहीतर जाड जस्ताचे. पितळही नको, एकदा लावलं होतं, भुसा झाला.

ताई : बरोबर. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतं ते सच्छिद्र तांबं. तिथं सिलिकॉन ब्राँझ उत्तम, पण ते मागवून घ्यावं लागेल आणि महाग पडेल. पाण्याखाली मी तुम्हाला ३१६ विकणार नाही, हे आज तुमच्या पेचाकडे बघून ठरलं. पण ब्राँझ आणि जस्ताचा खिळा एकाच फळीवर शेजारी शेजारी लावू नका, नाहीतर परत बॅटरी.

नाखवा : आणि बाकी बारीकसारीक? माशाच्या पेट्यांच्या कड्या, ताडपत्रीचे हूक, फळ्यांच्या पट्ट्या? तिथं सगळीकडे ए४ मला परवडत नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार, सगळं भागवून उरतं त्यातून हे करायचं असतं. ३०४ द्या तिथं.

ताई : ३०४ समुद्रावर द्यायला माझं मन घेत नाही. डागाळेल, तुम्ही पुन्हा मला दोष द्याल.

नाखवा : इथं आपलं जमणार नाही. तुम्ही शिरवळहून बघता तेव्हा तुम्हाला एक पेच दिसतो. मी हर्णैहून बघतो तेव्हा मला हजार दिसतात. हजारातले कुठले शंभर खरे मोलाचे, ते मला ठरवावंच लागतं. गरिबाच्या होडीलाही पेच लागतात, ताई.

ताई : (थोडा वेळ थांबून) मग असं करू. जे तुम्हाला रोज दिसतं, सहज बदलता येतं आणि तुटलं तर कुणाच्या जिवावर येत नाही, तिथं वितळलेल्या जस्तात बुडवलेले घ्या. ते संपताना सांगतील. अर्धवट स्टेनलेस देऊन तुम्हाला निर्धास्त करण्यापेक्षा ते बरं. आणि जिथं हात पोचत नाही, जिथं माणूस टेकतो, जिथं भार लटकतो, तिथं ए४, प्रमाणपत्रासकट. पाण्याखाली तांबं किंवा ब्राँझ.

नाखवा : म्हणजे स्वस्त लोखंड तुम्हीच मला विकणार.

ताई : हो. तुमच्याकडून शिकले, ते कुठं लावायचं.

यादी झाली. ताईनं एक जुनं खोकं रिकामं केलं आणि त्यावर जाड मार्करनं 'फक्त स्टेनलेस' असं लिहिलं. नवं ग्राइंडिंग चाक, नवा स्टेनलेसच्या तारेचा ब्रश त्यात ठेवला आणि पोरांना बोलावून सांगितलं की यातलं काहीही लोखंडाला लागता कामा नये. नाखवा बघत होते. त्यांनी नव्या डब्यातला एक पेच उचलला, ताईच्या द्रावणाचा थेंब त्यावर पडताना पाहिला, रंग बदलल्यावर मान डोलावली.

नाखवा : तो दाभणासारखा झालेला पेच मी इथंच ठेवतो. पुढचा कुणी आला आणि म्हणाला, लख्ख आहे ते द्या, तर त्याला दाखवा.

ताई : ठेवा. आणि पुढच्या बंदीत येताना आजच्या मालातला एक पेच आणा. सगळ्यात अंधाऱ्या जागेतला, फळीत बसलेला. डोकं मला इथूनच कळेल. मान कशी आहे, ती बघायची आहे मला.